एकोणसाठ हजारांचा पत्ता

परवा मेट्टूरच्या धरणाचं पाणी आमच्या कालव्याला लागलं. ते बघायला मी पुलावर गेलो आणि नव्या पाण्याला फुलं वाहायची म्हणून खिशातून मूठ भरून काढली आणि सोडली, तर फुलांबरोबर स्कूटरची किल्लीही पाण्यात गेली. शेजारी एक बाई उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "रायर, एवढं मागितलं नव्हतं हो पाण्यानं."

तंजावूरच्या बाजूला आम्हां मराठी लोकांना रायर म्हणतात. रावांचं रायर झालं. राज्य गेलं, राव गेले, रायर तेवढे उरले. तसा मी उरलेला रायर दोन मैल स्कूटर ढकलत, कालव्याच्या बांधावरून घराकडे निघालो.

पहिलं पाणी ज्याला नम्र वाटतं, त्यानं ते कॅलेंडरवर पाहिलेलं असतं. ते येतं तेव्हा तांबडं असतं, तोंडाला फेस असतो. कोरड्या पात्रात वर्षभर जमलेलं सगळं ते जबड्यात धरून आणतं: काटे, फुटक्या घागरी, फुगलेलं कुत्रं, एकेकटी चप्पल. काठाचे लचके तोडत येतं. बिळातले खेकडे जीव घेऊन बांधावर चढतात आणि वर बगळे त्यांची वाटच पाहत असतात. आमचा हा मुलूख बाहेरून फार सभ्य. हिरवी भातं, नारळीच्या रांगा, तिरुवैयारूला घराघरातून गाण्याच्या शिकवण्या. पण पाणी सोडलं त्या दिवशी इथल्या माणसांचे डोळे बघावेत. मी एकदा बघितलेत. तेव्हापासून पहिल्या पाण्याचा वास आला की माझ्या तोंडात लोखंडाची चव येते.

ते वर्ष नव्या वाऱ्याचं होतं. देशाची दारं उघडली म्हणून रेडिओ रोज सांगायचा. मी ज्या शाळेत गणित शिकवायचो तिथं मोठे, खरे कॉम्प्युटर येणार म्हणून जुने घरगुती काढून टाकले, आणि त्यातला एक मी भंगाराच्या मोलानं घरी आणला. रबरी बटणांची वहीएवढी पेटी. टीव्हीला जोडायची, शेजारी कॅसेट वाजवायचा टेप लावायचा. त्याच्या पोटात पासष्ट हजारांवर घरं होती, एका लांबलचक गल्लीत ओळीनं, प्रत्येक दारावर नंबर. खालच्या नंबरांत यंत्राचं स्वतःचं बिऱ्हाड. मधे तुमचा प्रोग्रॅम, लग्नघरासारखा फुगत जाणारा, शेजाऱ्याच्या अंगणात मांडव घालणारा. म्हणून जपायची चीज वरच्या नंबरांत नेऊन ठेवायची आणि तिच्या खाली एक भिंत घालायची. मग ती टेपवर साठवताना यंत्राला सांगायचं: हे नाव, अमक्या घरापासून, इतकी घरं. टेपवर तो घरनंबरही जातो. परत उतरवताना तुम्ही काही बोलला नाहीत तर सामान निघाल्या घरीच जाऊन बसतं. पण तुम्ही हुशार असाल तर हुकूम देऊ शकता, की निघालं असशील कुठूनही, उतर मात्र अमक्याच घरात.

मी हुशार होतो.

टेप लावली की ती किंचाळायची. डुकराला बांधताना ते ओरडतं ना, तसं, आणि पडद्याच्या कडांवर निळ्यापिवळ्या पट्ट्या नाचायच्या. पलीकडच्या घरात वीणा शिकवणारे एक वृद्ध मास्तर होते. त्यांनी एकदा भिंतीवरून डोकं काढून विचारलं, "हा कुठला राग म्हणायचा?" मी म्हणालो, "लोडिंग." ते म्हणाले, "आरोह ठीक आहे, अवरोहात कुणीतरी मरतंय."

माझं लग्न होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मालती कऱ्हाडची. आमच्या घराण्यात चार पिढ्यांनंतर देशावरून आलेली पहिली सून. तिला बघायला अख्खी गल्ली आली होती. आमची मराठी ऐकून तिला हसू यायचं, ती पदर तोंडाला लावायची. आम्ही पुरुषमंडळी "बोल्लों", "गेल्तों" म्हणतो, मधेच तमिळ घालतो, आणि देवनागरी तर आमच्या पिढीत कुणाला वाचता यायची नाही. हे मी जे आज लिहितोय ती अक्षरं तिनंच पुढं शिकवलेली. पण तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. पहिल्याच आठवड्यात मी तिला बजावलं होतं, "तुमची मराठी बाजारातली. आमची दरबारातली आहे, तीनशे वर्षांची." दरबारातली ती मराठी आमच्या घरी आजीच्या तोंडून यायची, तीही निम्मी तमिळ. आकडे तर मला तिसापर्यंतच यायचे, त्यापुढं नुसते दहाचे टप्पे. पुढचं सगळं घरात तमिळमध्ये मोजायचे आणि शाळेत इंग्रजीत. हे मी मालतीला सांगितलं नव्हतं. कुठला नवरा सांगेल?

थोरले काका तिरुवैयारूच्या पलीकडे आमच्या गावी राहायचे. एका पोटकालव्यावर दोन गावं: वर मेलपट्टी, खाली कीळपट्टी. पाणी कमी पडलं की पाळ्या लावायच्या, आणि पाळ्या लावायचं काम काकांकडे, कारण त्यांचं शेत दोन्ही गावांच्या मधोमध, दोघांनाही सारखंच अडचणीचं होतं. आधीच्या वर्षी पहिली पाळी मेलपट्टीला गेली आणि कीळपट्टीची रोपं उभ्यानं करपली. म्हणून त्या वर्षी महिनाभर बैठका, शिव्या, एकदा धक्काबुक्की, असं सगळं होऊन ठरलं: पहिलं पाणी कीळपट्टीला. काका मला म्हणाले, "हातानं लिव्हलं की बोलतांत शाई बदल्ली. तुज्या त्या डब्ब्यांतून काढून दे रे. यंत्राचा कागद बोल्ला की कोणी बोलेना."

मला काय, मुंगीला साखरेचा डोंगर. मी प्रोग्रॅम केला. ताडून बघायला म्हणून आधीच्या वर्षाच्या पाळ्या एकसष्ट हजारव्या घरापासून ठेवल्या, नव्या वर्षाच्या एकोणसाठ हजारपासून. हे आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा मी मालतीला इंग्रजीत सांगायचो, ती वहीत तिच्या देवनागरी आकड्यांत उतरवून घ्यायची, आणि मग ती वाचायची, मी दोन बोटांनी बटणं दाबायचो. बाहेर ऊन कडकडत होतं. वीज कधीही जाईल म्हणून घाई.

"नाव?"

"कुरुवै." भाताच्या पहिल्या हंगामाचं आमच्याकडचं नाव.

"पत्ता एकोणसाठ हजार," ती वहीतून म्हणाली.

"हं."

"लांबी पाचशे साठ."

"हं."

एकोणसाठ. तो शब्द माझ्या कानावर आला आणि मी त्याचे माझ्यापुरते तुकडे केले. एक, आणि साठ. मधलं ते 'ओण' आमच्या 'बोल्लों'सारखी कऱ्हाडची काहीतरी लकब असावी. साठावर एक. घाईत कुठल्या घरात काय ठेवलंय ते आठवून न बघता मी एकसष्ट हजार टाकलं. विचारायला जीभ उचलली होती, शप्पथ. पण दरबारातल्या माणसानं बाजारातल्या बाईला साठाचा हिशेब विचारायचा? टेप किंचाळली. पट्ट्या नाचल्या. नव्या वर्षाच्या नावाखाली जुन्या वर्षाच्या पाळ्या टेपवर जाऊन बसल्या.

आता इथं माझ्या हुशारीची खरी करामत. मी जर सामान निघाल्या घरी जाऊ दिलं असतं, तर एकोणसाठ हजारावर काहीच नसतं, छपाईत कचरा आला असता, आणि मी डोकं खाजवत दुरुस्त केलं असतं. पण प्रोग्रॅममध्ये मी आधीच स्वतःच्या हातानं, स्वच्छ इंग्रजी आकड्यांत, हुकूम लिहून ठेवला होता: निघालं असशील कुठूनही, उतर एकोणसाठ हजारात. डोळ्यांना तो आकडा बरोबर कळत होता, घोटाळा फक्त कानांचा होता. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या छपाईयंत्रावर कागद करकरत बाहेर आला. गावांची नावं बरोबर, दिवस बरोबर, रकाने सुतात. चुकीची गोष्ट चुकीच्या जागी असली की दिसते. ती बरोबर जागी जाऊन बसली की तिला कोण ओळखणार? मला त्यात गावं दिसतच नव्हती. रकाने दिसत होते. काकांनी चष्मा न लावता सही केली.

पाणी आलं त्या दिवशी मी हौसेनं बांधावर हजर होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. मारिमुत्तु कालव्याच्या लोखंडी दारापाशी उभा होता. तो पाटकरी. त्याचा बाप, आजा, सगळे त्याच दाराचं चक्र फिरवत आलेले. इंग्रजी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. काकांनी त्याला बजावलं होतं, कागदात असेल तेच, माणसांचं काही ऐकायचं नाही. त्यानं कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. "वाद्यारय्या," तो म्हणाला, म्हणजे मास्तर, "तुम्हीच वाचा."

आणि मी वाचला. खणखणीत आवाजात. "पहिली पाळी, मेलपट्टी, तीन दिवस."

मारिमुत्तु जरा थबकला. "सामी, कीळपट्टी ना?"

"कागदात काय आहे ते वाचतोय मी," मी म्हणालो. "यंत्र चुकत नाही."

हे वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कुणावर ढकलायची फार इच्छा आहे, पण जवळ बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं.

त्यानं चक्र फिरवलं. पाणी मेलपट्टीकडे वळलं, पाठीवर चाबूक बसलेल्या रेड्यासारखं. मेलपट्टीच्या पोरासोरांनी ओरडा केला आणि ती आरोळी वाऱ्यावर खाली गेली. दहा मिनिटं, फार तर. मग शेतातून कीळपट्टीची माणसं आली. पळत नव्हती, हे मला आजही आठवतं. चालत आली. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात कोयता, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मी कागद वर करून "हे बघा" म्हणालो. पहिला दगड त्या कागदातून आरपार आला आणि माझा पुढचा दात घेऊन गेला. मी खाली बसलो. माझं युद्ध तिथं संपलं.

बाकीच्यांचं चालू राहिलं. चिखलात माणसं माणसांवर पडत होती. फावड्याच्या पात्याचा कवटीवर येणारा आवाज ओल्या नारळासारखा असतो. तो आवाज ऐकल्यापासून मी घरी नारळ फोडत नाही. एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याचं डोकं पाण्यात दाबून धरत होता, आणि हे दोघे दर शुक्रवारी एकाच बाकावर चहा प्यायचे. आणि मारिमुत्तु? त्यानं दार सोडलं नाही. "कागद आहे! कागद आहे!" म्हणून चक्राला मिठी मारून उभा. कोयता चक्रावर पडला. लोखंडावर ठिणगी उडाली, आणि त्याच्या उजव्या हाताचं एक बोट पाण्यात पडलं. ते लहानसं, तांबड्या फेसावर एकदा वर आलं आणि मेलपट्टीच्या पाळीबरोबर निघून गेलं.

पुढचे दहा दिवस दोन्ही गावांत कुणी दार उघडं ठेवून जेवलं नाही. गवताच्या गंजी पेटल्या. केळीची एक अख्खी बाग उभी कापली, घड हिरवे असतानाच. कुणाचा तरी पाण्याचा पंप घणानं फोडून विहिरीत टाकला. सगळ्यात वाईट ते बोलणं: मारिमुत्तु मेलपट्टीला विकला गेला, त्यानं खाल्लं. दार त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि झोपडीही पाडायची, असं कीळपट्टीत ठरत होतं. कोयतेवाला तर उघड म्हणत होता, एक हात झालाय, दुसरा बाकी आहे.

त्याला भेटायला मी आणि मालती तंजावूरच्या दवाखान्यात गेलो. मी तोंडाला रुमाल लावून. तो खाटेवर बसला होता, पट्टी बांधलेला हात मांडीवर, एखादं तान्हं मूल ठेवावं तसा. त्याची बायको अंजलै भिंतीशी बसलेली. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. मारिमुत्तु मला म्हणाला, "सामी, तुम्ही सांगा ना त्यांना. कागदात तसंच होतं. तुम्हीच वाचलं ना?" मी मान हलवली. मालतीनं त्याच्यापुढं ताकाचा गडू ठेवला आणि आमच्या भाषेत, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली, "एकोणीस बोटं उरली बिचाऱ्याची. विसात एक उणं."

एकोणीस मला येत होतं. लहानपणापासून. पण शेजाऱ्याचं नाव माहीत असावं आणि अर्थ माहीत नसावा, तसं. एक उणं. तो शब्द माझ्यापुढं उलगडला. मी बाहेर व्हरांड्यात येऊन तिला विचारलं, "मग एकोणसाठ म्हणजे?"

मालती गडूचं झाकण पुसत होती. "एक उण साठ," ती शब्द सुटा करत म्हणाली, आणि पुसलेलं झाकण पुन्हा पुसू लागली.

घरी जाऊन मी टेप लावली, एकेका घराचं दार उघडून बघितलं. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त गेल्या वर्षीचं होतं.

दोन रात्री मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही; पळून जायच्या गाड्यांची वेळापत्रकं पाठ केली एवढं सांगतो. तिसऱ्या दिवशी अय्यनारच्या देवळापुढं दोन्ही गावं बसली होती, मारिमुत्तुचा निकाल लावायला. तो उभा होता, अंजलै त्याच्यामागं. काका पारावर. मी उठलो. दात नसल्यामुळे प्रत्येक 'स' शिट्टीसारखा निघत होता. तमिळमध्ये 'एकोणसाठ' समजावून सांगणं म्हणजे काय असतं, याची कुणाला कल्पना नसेल. मी जमिनीवर काठीनं आकडे काढले. हे साठ. हे त्याच्या अलीकडचं घर, हे पलीकडचं. बायको अलीकडचं म्हणाली, मी पलीकडचं ऐकलं. मारिमुत्तुनं कुणाचं काही खाल्लेलं नाही. कागद खोटा होता. तो मी केला.

मग कीळपट्टीचा एक म्हातारा, डोक्याला पट्टी बांधलेला, म्हणाला, "रायर, तुमच्या लोकांनी आमच्यावर राज्य केलं. आणि साठापर्यंत मोजता येत नाही?"

हसू फुटलं. आधी एक, मग दहा, मग दोन्ही गावं. कोयतेवाला हसला. ज्यांची डोकी फुटली होती ते टाके धरून हसले. मी इतकं भयंकर हसू नंतर कधी ऐकलं नाही. त्यात मीही थोडासा हसलो असेन, सवयीनं, कारण अंजलै माझ्यापर्यंत कधी आली ते मला कळलं नाही. तिनं मला थप्पड मारली. उलट्या हाताची नाही, सरळ, अख्ख्या पंज्याची. माझा कान वाजू लागला, टेपसारखा.

हसू तुटलं. पाटकऱ्याच्या बायकोनं रायरवर हात टाकला होता, सगळ्यांदेखत. काका काठी घेऊन उठले, मेलपट्टीची दोन पोरं पुढं झाली. "नको," मी म्हणालो, "काका, बसा. नको." काका उभेच राहिले. मग बसले. अंजलैनं त्यांच्याकडे पाठ केली आणि गावांकडे वळून म्हणाली, "ऐकलं? ऐकलं ना आता सगळ्यांनी? याच्या तोंडून ऐकलं?" कोयतेवाला खाली बघत होता. ती नवऱ्याचा चांगला हात धरून त्याला सरळ कालव्यावर घेऊन गेली. डाव्या हातानं त्यानं चक्र फिरवलं तेव्हा पाणी कीळपट्टीकडे वळलं, आणि कुणीही त्याच्या आड आलं नाही. करपायचं ते तोवर करपून गेलं होतं.

काका माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. ती कॅसेट त्यांनी माझ्या हातून घेतली, आतली फीत ओढून काढली आणि पाखरं हाकलायला शेतावर ताणून बांधली. वारा आला की ती गुणगुणायची. माझे आकडे ऐकून पोपट दूर पळत असत. कुणाला तरी त्यांचा उपयोग झाला.

त्या दिवशी घरी पोहोचलो तेव्हा माझा गाल भिजवलेल्या कणकेसारखा फुगला होता. मालतीनं हळद आणि चुना कालवला, मला खुर्चीत बसवलं, आणि लावू लागली. मी तिला सगळं सांगितलं, म्हाताऱ्याचं बोलणं, हसू, थप्पड, सगळं. सांगता सांगता मला बरं वाटू लागलं होतं, खोटं कशाला बोलू. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती. तिचा हात मात्र माझ्या गालावर थांबला.

"त्या दुपारी मी पडद्याकडे बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही एकसष्ट टाकलंत, ते मला दिसलं होतं. वाटलं, यांच्याकडे असंच मोजत असतील, नव्या सुनेनं कशाला बोलायचं. तुम्ही एक थप्पड खाऊन सुटलात. मी कुणाच्या पुढं जाऊन उभी राहू?"